साहेबांना सीसीत घेतलं आणि तिथून बिनसलं

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई एका कंपनीत चार वर्षांपासून आहेत. दर महिन्याला वेगवेगळ्या विभागांकडून आकडे गोळा करून अहवाल तयार करायचा, हे त्यांचं काम. या वेळी भांडार विभागातल्या एका सहकाऱ्याकडून साठ्याचे आकडे येईनात. नऊ दिवसांत तीन मेल झाले, एकालाही उत्तर नाही. अहवाल जायच्या आदल्या दिवशी ताईंनी चौथा मेल केला आणि त्यात सहकाऱ्याचे साहेब, स्वतःचे साहेब आणि आणखी तिघांना सीसीत घेतलं. दहा मिनिटांत 'रिप्लाय ऑल' करून उत्तर आलं: "आकडे कोणत्या स्वरूपात हवेत हे तुमच्या एकाही मेलमध्ये लिहिलेलं नाही. तूर्त सगळी यादी जोडली आहे. एक फोन केला असतात तर दोन मिनिटांत काम झालं असतं. वरिष्ठांना मध्ये आणायची गरज नव्हती." अहवाल वेळेत गेला. पण संध्याकाळी ताईंच्या साहेबांनी जाता जाता सांगितलं, "मेलचा टोन जरा बघत जा." तेव्हापासून दोन ओळींच्या मेललाही ताईंना अर्धा तास लागतो. त्या विचारतात: आधीचे तीन मेल जोडून सगळ्यांना खुलासा पाठवू का? की सगळ्यांची माफी मागू? एकही वावगा शब्द वापरला नसताना टोन वाईट कसा ठरतो? आणि यापुढे लिहायचं तरी कसं?

ताई,

चारही मेल तुम्ही पत्रासोबत पाठवलेत, हे फार बरं केलंत. अशा पत्रांत बहुतेकदा "मी नीटच लिहिलं होतं" एवढंच असतं, मग उत्तर देणाऱ्याला अंदाजाने बोलावं लागतं. ओळख पटेल असं सगळं वगळून मी त्या मेलमधलं थोडं पुढे वापरते आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, इथे त्याचा आशय मराठीत देते.

आधी तातडीचं. खुलाशाचा जो लांब मेल तुम्ही लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय, तो पाठवू नका. त्यातलं वाक्य न् वाक्य खरं आहे, हे मला दिसतंय. कोणता मेल कोणत्या तारखेला, किती वाजता गेला, सगळं आहे. पण तो ज्या सहा जणांना जाईल, त्यांतल्या निदान तिघांच्या डोक्यातून हा प्रसंग एव्हाना गेलेला असेल. तुमचा मेल आला की त्यांना तो पुन्हा आठवेल, आणि या वेळी लक्षात राहील ते एवढंच, की या दोघांचं काहीतरी वाजलंय. तुमची बाजू बरोबर असल्याचा पुरावा अजून कोणी मागितलेला नाही. सगळ्यांसमोर माफीही नको. ती का नको, ते ओघाने येईलच.

आता तुमचा मधला प्रश्न. मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: वावगा शब्द नसताना टोन वाईट कसा ठरला?

चौथा मेल मी तीनदा वाचला. चार वाक्यं आहेत. आकडे अजून मिळालेले नाहीत. आधीच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे ते ५ तारखेपर्यंत अपेक्षित होते. कृपया आवश्यक ते करावं. तातडीने. यात खरोखरच एकही वाईट शब्द नाही. हाच मेल फक्त त्या सहकाऱ्याला गेला असता, तर त्याने फार तर "बाई घाईत दिसतायत" असं म्हटलं असतं. बोचलं ते मजकुरात नव्हतंच. ते मजकुराच्या वर होतं, नावांच्या ओळीत.

हे मी अनुभवाने सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही एका सहकारी मुलीकडून असा एक मेल आला होता. दुपारची वेळ, मी एका लांबलचक तक्त्यात बुडालेली. पडद्यावर मेल उघडला आणि मजकुराआधी मला वरची नावं दिसली. त्यांत माझ्या साहेबांचं नाव. पुढचा मजकूर मी वाचला खरा, पण कळला काहीच नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की साहेब हे आत्ता वाचतायत. मी तिला उत्तर लिहायला बसले आणि लिहिता लिहिता ध्यानात आलं, की प्रत्येक वाक्य साहेबांना पटेल का, हे बघूनच मी लिहिते आहे. खरं कारण अगदी साधं होतं. तिला हवी असलेली माहिती मला तिसऱ्याच माणसाकडून यायची होती, आणि "मीही थांबलेय" एवढं तिला कळवायचं मला सुचलं नव्हतं. चूक माझी होती. पण ती मला त्या दिवशी दिसली नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या नावांच्या ओळीवर होतं.

तुमच्या सहकाऱ्याचं उत्तर आता या नजरेने वाचून बघा. "एक फोन केला असतात तर", "वरिष्ठांना मध्ये आणायची गरज नव्हती". ही वाक्यं तुम्हाला उद्देशून आहेत, पण ती त्याने स्वतःच्या साहेबांसाठी लिहिली आहेत. तो सांगतोय की मी कामचुकार नाही. आणि ताई, राग मानू नका, पण तुमचा चौथा मेलही त्याच्यासाठी नव्हता. "आधीच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे" हे वाक्य त्याला कशाला हवं? ते मेल त्याच्याकडे होतेच. ते वाक्य तुम्ही साहेबांसाठी लिहिलंत. दोघांनी एकमेकांच्या नावाने पत्रं लिहिली आणि दोन्ही पत्रं तिसऱ्याला उद्देशून होती.

"सीसीत घेणं म्हणजे नुसती माहिती देणं" असं तुम्ही पत्रात म्हटलंय. इथे थोडं थांबू या. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टंकलेखन यंत्रावर दोन कागदांच्या मध्ये कार्बन घालून खालची प्रत काढत, तिथून हा शब्द आला. ती खालची प्रत काढायची की नाही, हे कागद यंत्रावर चढवण्याआधीच ठरवावं लागे, कारण पत्र टंकून झाल्यावर मागाहून कार्बन घालता येत नाही. ईमेलचा साचा ठरवणारा आरएफसी ८२२ हा दस्तऐवज (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक संकेत मांडणारी क्रमांकित कागदपत्रं) १९८२ चा. त्यातही 'टू' म्हणजे ज्यांच्यासाठी मेल आहे ते आणि 'सीसी' म्हणजे ज्यांना माहितीसाठी प्रत जाते ते दुय्यम वाचक, असा फरक केलेला आहे. मेल पोहोचवणाऱ्या यंत्रणेला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. दोघांनाही तोच मेल जसाच्या तसा मिळतो. फरक जपायचा तो माणसांनी.

म्हणून पहिल्या मेलपासून जे नाव सीसीत असतं, ते कोणाला खुपत नाही. तीन मेलमध्ये नसलेलं नाव चौथ्यात उगवतं, तेव्हा त्या नावाचं येणं हाच निरोप होतो आणि खालचा मजकूर कोणी वाचत नाही. तुम्ही त्या चार वाक्यांत आणखी दोनदा 'प्लीज' घातलं असतं, तरी काडीचा फरक पडला नसता. अर्धा अर्धा तास तुम्ही 'प्लीज' काढताय आणि घालताय, त्याबद्दल मला म्हणूनच वाईट वाटलं. दुखणं एकीकडे आहे आणि शेक दुसरीकडे चाललाय.

मग साहेबांना कधी सीसीत घ्यायचंच नाही का? घ्यायचं. काम अडलं असेल, पैसे अडकले असतील, कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, कोणी त्रास देत असेल, तर बेलाशक घ्या, पहिल्याच मेलला घ्या, आणि सूर कसा वाटेल याची फिकीर करू नका. "सौम्य लिहा" हा सल्ला माणसाचं तोंड बंद करण्यासाठीही वापरला जातो, आणि तसा वापर मला मंजूर नाही. बाकी रोजच्या कामात मात्र दोन गोष्टी पाळून बघा. एक, ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी सांगा: "उद्या दुपारी अहवाल जाणार आहे. तोवर आकडे आले नाहीत तर तो रकाना रिकामा ठेवून तसं वर कळवावं लागेल. काही अडलं असेल तर आज सांगा, मिळून बघू." यात धमकी नाही, पुढे काय होणार याची कल्पना आहे. आणि त्यातून त्याला अब्रू राखून काम करायला एक दिवस मिळतो. दुसरी गोष्ट, साहेबांना घेतलंत तर त्यांनी काय करायचंय ते पहिल्याच ओळीत लिहा: "मुदत पुढे ढकलायची का, हे ठरवण्यासाठी अमुक यांना सीसीत घेतलं आहे." साहेबांनी काहीच ठरवायचं नसेल, नुसतं बघायचंच असेल, तर ते नाव तिथे कशासाठी आहे, हे स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारा.

आणि बीसीसीचा, म्हणजे इतरांना नाव न दिसता कोणाला प्रत पाठवायचा, विचार मनात आला असेल, तर तो आत्ताच काढून टाका. गुपचूप प्रत मिळालेल्या माणसाने चुकून 'रिप्लाय ऑल' दाबलं की सगळं उघडं पडतं, आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक मेलमागे कोणी लपलंय का, अशी शंका लोकांना येत राहते. कोणाला दाखवणं गरजेचंच असेल तर गेलेला मेल नंतर स्वतंत्रपणे फॉरवर्ड करा. बीसीसी खरी कामाची आहे ती एकमेकांना न ओळखणाऱ्या पुष्कळ लोकांना एकच सूचना पाठवताना, कोणाचा पत्ता कोणाला दिसू नये म्हणून.

आता त्या नऊ दिवसांकडे वळते. तुम्ही लिहिलंय, "तीन मेलना उत्तर नाही म्हणजे मला मोजतच नाहीत." असेलही. पण तुमचे तीन मेल वाचून मला वेगळी शंका आली. त्यांना उत्तर देणं अवघड होतं.

पहिल्या मेलचा विषय आहे "डेटा". उघडला की दोन परिच्छेद अहवालाच्या नव्या रचनेबद्दल, ती कोणी सुचवली, का सुचवली याबद्दल. आणि अगदी शेवटच्या ओळीत, "संबंधित आकडेही शेअर करावेत." फोनवर मेल बघणाऱ्याला आधी काय दिसतं? पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिली अर्धी ओळ. म्हणजे तुमचं मागणं त्याला दिसलंच नसण्याची शक्यता मोठी आहे. आणि दिसलं तरी संबंधित म्हणजे कोणते? कोणत्या तारखेचे? गोदामवार की एकूण? हे विचारायला मेल लिहावा लागतो, तो लिहायला वेळ लागतो, म्हणून माणूस म्हणतो, दुपारी बघू. ती दुपार मग उजाडत नाही.

दुसरा मेल: "जेंटल रिमाइंडर." तिसरा: "रिमाइंडर २." एवढंच. काय हवंय ते कळायला त्याला खाली सरकत पहिल्या मेलच्या तळापर्यंत जायचं होतं. आठवण करून देणारा मेल मूळ मेलपेक्षा वाचायला सोपा असायला हवा. तुमचा उलट होता.

मी असते तर असं लिहिलं असतं. विषय: "साठ्याची महिनाअखेरची बेरीज, ५ तारखेपर्यंत". मजकूर: "नमस्कार. मासिक अहवालासाठी महिनाअखेरच्या शिल्लक साठ्याची बेरीज हवी आहे. सगळ्या गोदामांची मिळून एकच रक्कम चालेल, यादी नको. ५ तारखेला दुपारी बारापर्यंत मिळाली तर संध्याकाळी अहवाल जाईल. तोवर जमत नसेल तर कधी जमेल तेवढं कळवा, तो रकाना मी नंतर भरेन." नव्या रचनेची सगळी हकिगत याच्या खाली, ज्याला हवी त्याने वाचावी.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. "पाठवतो" किंवा गप्प बसणं, असे दोनच रस्ते समोर असले की अडलेला माणूस गप्प बसतो. "गुरुवारी देतो" असं म्हणायची वाट मोकळी ठेवली की उत्तर येतं, आणि तुम्हालाही कशाच्या भरवशावर बसायचं ते कळतं. "तातडीने" किंवा "एएसएपी" यांनी यातलं काहीच होत नाही. त्यात ना तारीख असते ना वेळ. वाचणाऱ्याला नुसती टोचणी लागते.

त्या सहकाऱ्यालाही मी सोडत नाहीये. नऊ दिवसांत "कोणते आकडे?" एवढे दोन शब्द त्याला लिहिता आले असते. हे वाचणाऱ्यांत त्याच्या जागी असणारे पुष्कळ असतील, त्यांना हात जोडून सांगते: काम आज होणार नसलं तरी "मिळालं, बुधवारपर्यंत बघतो" ही एक ओळ टाका. अर्धं वैर त्या ओळीने टळतं. आणि सगळ्यांसमोर उत्तर देऊन त्याने जे केलं, तेही तुमच्या चौथ्या मेलइतकंच टाळण्यासारखं होतं. आकडे सगळ्यांना पाठवून बाकीचं तो तुमच्याशी फोनवर बोलू शकला असता.

शब्दांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय की भाषा तुम्ही इतरांचे मेल बघून शिकलात. आपण बहुतेक जण तशीच शिकलो. त्यातूनच 'काइंडली', 'डू द नीडफुल', 'ॲज पर माय ट्रेलिंग मेल' या ठरीव ओळी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात. त्या सभ्य वाटतात, पण शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपण कधी असं म्हणतो का, की मी तुम्हाला एक सौम्य आठवण करून देत आहे? आपण म्हणतो, "अहो, ते तेवढे आकडे पाठवता का आज?" या एका वाक्यात किती गोष्टी आहेत बघा. 'अहो' मध्ये मान आहे. 'तेवढे' म्हणजे काम छोटं आहे, फार वेळ जाणार नाही. 'पाठवता का' हा हुकूम नव्हे, प्रश्न आहे. आणि 'आज' मध्ये मुदतही आली. इंग्रजीत लिहायला बसलो की 'जरा', 'तेवढं', 'बघा ना' ही सगळी वंगणाची भाषा गळून पडते, आणि तिची भरपाई आपण एकट्या 'प्लीज'वर टाकतो. त्या बिचाऱ्या शब्दाला ते ओझं पेलत नाही. म्हणून आधी मराठीत तोंडाने म्हणून बघा, मग तेच साध्या इंग्रजीत लिहा. 'कॅन यू सेंड मी द टोटल टुडे?' हे 'काइंडली डू द नीडफुल'पेक्षा कितीतरी माणसासारखं आहे. आणि समोरचा मराठी असेल, कार्यालयाची हरकत नसेल, तर मराठीतच का लिहू नये?

तरीही लेखी सूर फसतोच, आणि तो फसलाय हे लिहिणाऱ्याला कळत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावरच एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात काहींना थोडी वाक्यं गंभीरपणे आणि थोडी उपरोधाने कळवायची होती, कधी ईमेलवर, कधी आवाजात. समोरच्याला आपला सूर ७८ टक्के वेळा तरी बरोबर ओळखता येईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, ईमेलसाठीही तोच आणि आवाजासाठीही तोच. आवाजाच्या बाबतीत तो फारसा चुकला नाही, सुमारे ७३ टक्के वेळा सूर ओळखला गेला. ईमेलच्या बाबतीत आकडा ५६ च्या आसपास आला. दोनच पर्याय असताना डोळे मिटून ठोकून दिलं तरी ५० येतात. लिहिताना आपला आवाज आपल्याला मनात ऐकू येत असतो, म्हणून वाटतं की तो कागदावरही उतरला. तुम्ही चौथा मेल लिहिलात तेव्हा तुमच्या मनातला आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता, हे मला मान्य आहे. पण मग त्याचं "एक फोन केला असतात तर" हे वाक्यही तुम्ही ज्या आवाजात वाचताय, त्याच आवाजात त्याने लिहिलं होतं, हे कशावरून? ते मोकळेपणाने वाचलं तर त्यात एक चांगली सूचना आहे. दोन मेलना उत्तर नाही आलं, तर तिसरा मेल करूच नये. फोन करावा किंवा उठून जावं.

तुमचे साहेब. "टोन बघत जा" हे सांगून ते निघून गेले आणि तुम्ही तेव्हापासून प्रत्येक मेलमध्ये स्वतःला तपासताय. एवढ्या मोघम सूचनेवर कोणालाही सुधारता येत नाही. दोन-चार दिवसांत वेळ मागून घ्या, चौथा मेल छापून सोबत न्या आणि विचारा, "यातलं कोणतं वाक्य खटकलं? की सीसी खटकली? माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?" शांतपणे, शिकायच्या भावनेने विचारा, पण विचारा. त्यांनी नेमकं काही सांगितलं तर तुमच्या हाती काहीतरी लागेल. नेमकं सांगता आलं नाही तर ती सूचना डोक्यावर घेऊन फिरायचं कारण उरत नाही. आणखी एक विचारून ठेवा: एखाद्या विभागाचे आकडे आले नाहीत तर किती दिवसांनी आणि कोणाला कळवायचं? हे एकदा ठरलं की पुढच्या वेळी सीसी हा तुमचा एकटीचा निर्णय राहणार नाही.

आता माफीचं. सगळ्यांसमोर माफी मागितलीत, तर आकडे मागणं, आठवण करणं, हे सगळंच चुकलं असं दिसेल. ते चुकलेलं नाही, ते तुमचं काम आहे. चुकलं ते एकच, त्याला न सांगता साहेबांना मध्ये घेतलं. ज्याच्याबाबतीत चुकलं त्याच्याजवळच ते बोलायचं, आणि मेलवर तर मुळीच नाही. शक्य असेल तर त्याच्या टेबलापाशी जा, लांब असेल तर फोन करा. काय बोलायचं याची ओळ तुम्ही मागितलीत, म्हणून देते: "आकड्यांसाठी मला तुमच्या मागे लागावंच लागतं. पण तुम्हाला आधी न सांगता साहेबांना सीसीत घेतलं, ते मी करायला नको होतं." मग थांबा. त्यावर "पण तुम्हीही उत्तर दिलं नाहीत" हे जोडू नका. ते त्याला ठाऊक आहे. त्याला स्वतःहून म्हणायचं असेल तर म्हणू द्या, नसेल तर राहू द्या. मला मेल पाठवणारी ती मुलगी दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली होती. "काल तुला आधी विचारायला हवं होतं मी," एवढंच म्हणाली. "मीही कळवलं नाही," हे माझ्या तोंडून आपोआप निघालं. तिने ते मागितलं असतं तर कदाचित निघालं नसतं.

त्याच भेटीत कामाचं विचारून घ्या: आकडे कोणत्या तक्त्यात देणं त्याला सोपं पडेल, महिन्याच्या कोणत्या तारखेला त्याच्याकडे बेरीज तयार असते. मग त्याच जुन्या मेलच्या साखळीत, त्याच सहा जणांना दोन ओळी: "आमचं बोलणं झालं. यापुढे दर महिन्याच्या ३ तारखेला ठरलेल्या तक्त्यात बेरीज मिळेल. या विषयावरचे पुढचे मेल आम्ही दोघंच करू, बाकीच्यांना त्यातून मोकळं करत आहे." भांडण मिटल्याचं कुठेही न सांगता ते सगळ्यांना कळतं, आणि सीसीतली नावंही रीतसर उतरतात. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची आरएफसी १८५५ ही मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५ मध्ये निघाली, तिच्यातही हे लिहिलेलं आहे, की बोलणं दोघांतलंच उरलं असेल तर बाकीच्यांना सीसीत ठेवू नका. भावनेच्या भरातलं उत्तर एक रात्र थांबवून ठेवा, हेही तिच्यात आहे. आणि जे पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते मेलमध्येही लिहू नका, हेही. तीस वर्षांत पडदे बदलले, माणसाच्या रागाची तऱ्हा तीच राहिली.

एवढं करूनही तो पुन्हा नऊ दिवस गप्प बसला तर? तर तुम्ही ठरल्याप्रमाणे एक फोन कराल, आदल्या दिवशी कल्पना द्याल आणि साहेबांना सीसीत घ्याल. तेव्हा तुमच्या मनाला काहीही लागायचं कारण नाही.

बाकीच्या बारीकसारीक शंकांची उत्तरं भराभर देते. सुरुवात 'डिअर' ने की 'हाय' ने, यावर रात्र घालवू नका. समोरचा जसं लिहितो तसं लिहा, नवखा असेल तर एक पायरी औपचारिक. नावाचं स्पेलिंग मात्र त्याच्या सहीवरून उतरवा, अंदाजाने नको. फाइल आधी जोडा, मग मजकूर लिहा, आणि पत्ता सगळ्यांत शेवटी घाला, म्हणजे अर्धवट मेल चुकूनही जात नाही. जीमेलमध्ये 'अनडू सेंड'ची वेळ सेटिंगमधून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवून ठेवा. डेस्कटॉपवरच्या आऊटलुकमध्ये नियम लावून मेल १२० मिनिटांपर्यंत रोखून ठेवता येतो. गेलेला मेल मागे घेण्याच्या सोयीवर विसंबू नका, संस्थेबाहेर गेलेला मेल तिने परत येत नाही. आणि महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून बघा. तुमचं मागणं बोट न सरकवता दिसलं पाहिजे.

त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, तेही विचारलंत. मेल लिहून झाला की फक्त वरची नावं वाचा. प्रत्येक नावापाशी, याने हे वाचून काय करायचंय, एवढंच विचारा, आणि उत्तर सुचलं नाही तर ते नाव काढा. 'प्लीज' जिथे पडलं असेल तिथे पडू द्या. पुढच्या महिन्याचा पहिला मेल त्या सहकाऱ्याला जाईल तेव्हा 'टू' मध्ये त्याचं एकट्याचं नाव असू दे, आणि सीसीची जागा रिकामी.